वीतभर पाण्याची जागा

हेमांगीबाई तोरसकरांनी प्रवाळांच्या नव्या तळटाकीचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा त्यांची लेक ओवी शेजारी उभी राहून त्यातल्या चुका शोधत होती. आईच्या कामात खुसपटं काढायचा छंद तिला लहानपणापासून होता. आता तर ती कोजागरी वसाहतीची जलअभियंता झाली होती, त्यामुळे खुसपटं काढण्याचा अधिकृत परवानाच तिच्या हाती आला होता.

कोजागरी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका उंच कड्यावर उभी होती. तिथे सूर्य जवळजवळ मावळत नाही, म्हणून विजेला खंड नाही. वरून छत्रीसारखी पसरलेली इमारत, तिच्या डोक्यावर दोन पुरुष खोल पाण्याचं छत, खाली राहायचे मजले आणि अगदी तळाशी खडकात कोरलेलं एक अरुंद रिकामं दालन, एवढंच त्या माणसांचं जग होतं. पाण्याचं छत अवकाशातून येणारे घातक किरण अडवायचं. कुणाच्याही खोलीला खिडकी नव्हती. कंटाळा आला म्हणून जरा बाहेर पडावं, तर बाहेर म्हणून काही नव्हतंच. वसवणारे बहुतेक ठाण्या-पुण्याचे, कोल्हापूर-मालवणचे. चंद्रावर गेले तरी त्यांनी सोसायटी सोडली नव्हती. सर्वसाधारण सभा व्हायची, चेअरमन होते आणि सेक्रेटरी म्हणून यशोधन कर्णिक वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येत होते.

सर्वात वरच्या मजल्यावर हेमांगीबाईंची प्रवाळखोली होती. मालवणच्या समुद्रातलं पाणी तापून प्रवाळ पांढरे पडू लागले, तेव्हा त्यांच्या काही फांद्या जपून ठेवायला म्हणून त्या इथे आल्या, आणि मग इथल्याच झाल्या. हलक्या गुरुत्वात इतकी वर्षं काढलेल्या त्यांच्या हाडांना आता पृथ्वी पेलली नसती. ओवीचा तर प्रश्नच नव्हता. ती इथेच जन्मली होती.

जुनी तळटाकी तडकली होती, म्हणून नवी करायची होती. वर शोभेची काचटाकी, तिच्यात प्रवाळ आणि मासे. तिच्या एका बाजूला ओसंडकडा. त्यावरून पाणी सांडून नळीने खालच्या तळटाकीत उतरतं. तिथे आधी कापडी गाळणी, मग फेसाबरोबर मळ उचलणारी फेसगाळणी, मग शेवाळाचा आश्रयकप्पा, जिथे माशांच्या तोंडून सुटलेले बारीक जीव निर्धास्त वाढतात. शेवटच्या कप्प्यातला पंप तेच पाणी वापसनळीने पुन्हा वर चढवतो. हे सगळं ओवीला पाठ होतं. तिला खटकत होती ती वेगळीच गोष्ट.

"तळटाकीचा तिसरा हिस्सा तू रिकामा ठेवलायस," ती म्हणाली. "इथे माणसाला पाय पसरायला जागा नाही, आणि तू हवा भरून ठेवणार?"

"लाइट गेली तर पाणी कुठे जाईल?"

"लाइट कुठे जाते?"

हेमांगीबाईंना हसू आलं. आपल्या मुलीने 'लाइट गेली' हे दोन शब्द उभ्या आयुष्यात ऐकलेले नाहीत, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. मग त्यांनी तिला मालवणातलं भारनियमन सांगितलं. पंखा मध्येच दमून थांबायचा, आजोबा वर्तमानपत्राने वारा घ्यायचे आणि लाइट जाण्याची वेळ ठरलेली असली तरी येण्याची कधीच ठरलेली नसायची. ओवी परीकथा ऐकावी तशी ऐकत राहिली.

"पंप थांबला की दोन वाटांनी पाणी खाली येतं," हेमांगीबाई चित्रावर बोट फिरवत म्हणाल्या. "एक तर कड्यावरून वाहणारा जो थर असतो तो. तो येणारच, त्याला इलाज नाही. दुसरी वाट वापसनळीची. तिचं तोंड टाकीत खोल बुडालेलं. पंप चालू असतो तोवर ती पाणी वर आणते, पंप थांबला की तीच नळी उलटी ओढ लावते."

"वक्रनलिका," ओवी म्हणाली.

"हो. आणि तिला एकदा ओढ लागली की टाकी रिकामी करूनच थांबते. म्हणून नळीला इथे, कड्याच्या उंचीवर, एक बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. मी त्याला श्वासछिद्र म्हणते. ते असलं की वरचं थोडंसंच पाणी खाली येतं. त्या थोड्याची जागा आधीपासून रिकामी हवी, एवढंच."

"मग नळीला उलटझडप लाव की. छिद्र कशाला?"

"झडपेवर क्षार चढतो, ती कधीतरी दगा देते. भोकाला दगा देता येत नाही. फक्त ते उघडं राहायला हवं."

तळटाकी तयार झाली, पंप सुरू झाला. छिद्रातून एक बारीक फवारा पाणी फोडून वर उडाला आणि टाकीच्या झाकणावर तडतडू लागला. ओवीला वाटलं गळतंय. तिने पुसायला फडकं घेतलं, तेव्हा हेमांगीबाईंनी तिचा हात धरला. तो आवाज हवाच, त्या म्हणाल्या. छिद्र उघडं असल्याची तीच खूण. टाकी पाळणाऱ्या माणसाला या आवाजात झोप लागते आणि आवाज थांबला की खडबडून जाग येते.

त्यांचं म्हणणं थोड्याच दिवसांत खरं ठरलं. जेवण झाल्यावर त्या खुर्चीत पेंगत होत्या आणि एकाएकी जाग्या झाल्या. तडतड थांबली होती. ओवी तिथेच होती. आई काही बोलायच्या आत, गंमत म्हणून तिने पंपाची कळ बंद केली. आता पाहू तुझी लाइट गेलेली, असं काहीसं ती म्हणाली. पाणी कड्यापर्यंत उतरलं आणि थांबलं नाही. उतरतच राहिलं. तळटाकीतली रिकामी जागा भरली, मग तळटाकी भरली आणि मग खारं पाणी काठावरून जमिनीवर सांडू लागलं. ओवीने घाबरून कळ पुन्हा दाबली. श्वासछिद्रात एक वाटाण्याएवढी गोगलगाय अंग आखडून बसली होती.

ओवी गुडघ्यांवर बसून जमीन पुसू लागली आणि हसता हसता अचानक हसायची थांबली. हातातलं फडकं तसंच ठेवून तिने आईकडे पाहिलं.

"आई, आपलं छतसुद्धा असंच आहे."

ते अगदी तसंच होतं. छतातलं पाणी कड्यावरून सांडून तळाशी यायचं, यंत्रांची उष्णता टाकून गाळून निघायचं आणि पंपाने पुन्हा वर जायचं. तळाच्या दालनात एका कोपऱ्यात टाकी होती आणि उरलेलं सगळं दालन रिकामं. ते भावी विस्तारासाठी राखून ठेवलंय, असं सगळे धरून चालले होते. मूळ आराखडा करणारा माणूस केव्हाच वारला होता. तोही भारनियमनाच्या काळातलाच असणार. त्याला रिकामी जागा का ठेवली हे लिहून ठेवावंसं वाटलं नसेल, कारण त्याच्या पिढीला ते सांगावं लागत नव्हतं.

आणि तो भावी विस्तार आता सुरू झाला होता. दालनात नव्या खोल्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. त्यांचा नकाशा ओवीनेच केला होता आणि पहिली खोली तिला आणि तिच्या नवऱ्याला, निहारला, मिळाली होती. कोजागरीत हवेचा वाटा खोलीमागे मोजला जाई. खोली नसलेल्या जोडप्याला मूल होऊ देत नसत. नियम निष्ठुर होता, पण बंद डब्यात राहणाऱ्यांना दुसरा सुचला नव्हता. त्या खोलीच्या भरवशावर ओवीला दिवस गेले होते.

दोघींनी मिळून हिशोब केला. छत पसरट आणि दालन अरुंद, म्हणून वरचं वीतभर पाणी खाली पाच विती चढणार. छतातल्या कड्यावरून वाहणारा थर वीतभरच जाड होता. म्हणजे छताचं श्वासछिद्र उघडं असलं, तर वीज गेल्यावर दालनात छातीपर्यंत पाणी.

"छातीपर्यंत," ओवी पुटपुटली. "प्रवाह कमी केला तर?"

"मग यंत्रं तापतील. ते तुलाच जास्त कळतं."

मग हेमांगीबाईंना दुसरंच काहीतरी आठवलं. या मजल्यावर पूर्वी एक आवाज यायचा. पत्र्यावर कुणी सतत रवा टाकत असावं तसा. त्या नव्या आल्या होत्या तेव्हा रोज यायचा. तो कधी बंद झाला?

ते कर्णिकांनी सांगितलं, आणि अगदी अभिमानाने सांगितलं. सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी केलेलं ते पहिलं काम होतं. वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार होती की छत गळतंय. सभेत रणकंदन झालं. एकाने तर मेंटेनन्स भरणार नाही म्हणून धमकी दिली. तेव्हा कर्णिक स्वतः छताच्या पोकळीत चढले. नळीला एक भोक पडलेलं त्यांना दिसलं. त्यात त्यांनी एपॉक्सीचा गोळा भरला आणि वरून स्टीलची पट्टी आवळली. गळती कायमची बंद झाली. त्या दिवशी सगळ्यांना शिरा वाटला होता.

हेमांगीबाईंना त्यांचा राग आला नाही. गळती दिसली की बुजवायची, हे आपल्या लोकांच्या हाडात इतकं मुरलेलं आहे की त्यांच्या जागी आपणही तेच केलं असतं, असं त्यांना वाटलं. पण आता अर्थ स्पष्ट होता. वीज गेली तर वीतभर नाही, दोन पुरुष पाणी खाली येणार. दालन छतापर्यंत भरणार. आणि पाणी गेल्यावर वरचे लोक उघड्या आकाशाखाली किरणांच्या माऱ्यात बसणार. कुणालाही कुठेही जाता येणार नव्हतं.

कर्णिकांना अजून काही सांगितलं नव्हतं. दोघी खोलीत परतल्या आणि ओवीने दार लावून घेतलं.

"वीज आजवर गेली नाही," ती म्हणाली. "छिद्र मी गुपचूप उघडते. दालनाचं काही बोलू नकोस."

"आणि लाइट गेली तर तुझ्या पाळण्यात छातीभर पाणी."

"गेली तर! तुझी ही एक भीती, आणि तिच्यासाठी माझं मूल?" ओवी म्हणाली. "खोली गेली तर ते मला हे मूल ठेवू देणार नाहीत. तुला माहीत आहे."

हेमांगीबाईंना माहीत होतं. त्यांना रडू येत होतं आणि लेकीसमोर रडायचं नव्हतं. बोललं तर नातवंड जातं, गप्प राहिलं तरी कधी ना कधी जातं, आणि ज्या इमारतीत हे ठरवायचं तिला दुसरं दार नाही. त्यांनी ओवीच्या केसांवरून हात फिरवला. माहेरची बोली त्यांच्या तोंडी एरवी फारशी येत नसे.

"लाइट जाता गो, चेडवा," त्या म्हणाल्या. "आज नाय तर उद्या, पण जाता."

ओवी उठली, हत्यारं घेतली आणि छताच्या पोकळीत चढली. तिने पट्टी कापली, एपॉक्सी खरवडून काढली. खाली उभ्या असलेल्या हेमांगीबाईंना पत्र्यावर रवा पडायला लागलेला ऐकू आला. आजूबाजूची दारं उघडली आणि छत पुन्हा गळायला लागल्याची तक्रार घेऊन तिघंचौघं कर्णिकांकडे निघाली.

सभेत ओवीनेच सगळं मांडलं. आईला तिने बोलू दिलं नाही. कर्णिकांचा चेहरा उतरत गेला. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. त्यांनी भर सभेत हात जोडले आणि दालनातल्या भिंती पाडायचा ठराव स्वतःच मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या. ओवी एका कोपऱ्यात पोटावर हात ठेवून बसली होती, आणि तिच्याकडे बघायचं सगळे टाळत होते.

तेव्हा हेमांगीबाई उठल्या. रिकामी जागा कुठून तरी आणावी लागते, त्या म्हणाल्या, ती आपोआप तयार होत नाही. कोजागरीत जगण्यासाठी लागत नाही अशी एकच खोली आहे आणि ती माझी. प्रवाळखोली ओवीला द्या. प्रवाळ घेऊन मी दालनात जाते. प्रवाळांना खोलीची गरज नाही, उंच मचाण पुरेल, आणि मलाही पुरेल.

कुणीतरी हरकत घेतली की दालनात राहायला आत्ताच बंदी झाली. यावर मात्र कर्णिकांनी आपलं सगळं सेक्रेटरीपण पणाला लावलं. प्रवाळांची टाकी म्हणजे यंत्रसामग्री, आणि यंत्रसामग्रीजवळ देखरेखीचा माणूस लागतो, त्याला रहिवासी म्हणत नाहीत. नियम त्यांना तोंडपाठ होते आणि नियमाच्या फटीही.

मचाणाचा आराखडा ओवीने केला. दालन म्हणजे छताची तळटाकीच, आणि तळटाकीत नवी वस्तू ठेवली की तेवढी रिकामी जागा कमी होते, म्हणून तिने एकेका वस्तूचं आकारमान काढलं. मचाणाचे खांब, काचटाकी, छोटी तळटाकी, खाट. भिंतीवर पाण्याच्या पातळीची लाल रेघ ओढून ती वळली आणि आईकडे बघत उभी राहिली.

"तू किती पाणी हटवशील तेही धरलंय," ती म्हणाली. "रेघ बोटभरसुद्धा हलत नाही." आणि मग तिने आईला घट्ट मिठी मारली, ती लवकर सोडली नाही.

दालनाचं दार जाड होतं. पाणी आलं तर ते बाहेर जाऊ नये म्हणून बंदच ठेवावं लागे, आणि बाहेरून दोघांनी ओढल्याशिवाय उघडत नसे. रोज ठरलेल्या वेळी जेवण घेऊन दोघं यायचे. एरवी हेमांगीबाई, प्रवाळ आणि पंप. आश्रयकप्पा करता करता आपणच एका आश्रयकप्प्यात येऊन पडलो, असा विचार त्यांच्या मनात पहिल्या आठवड्यात रोज यायचा आणि त्यात गंमत काहीच वाटायची नाही. भिंती अंगावर यायच्या. त्या लाल रेघेकडे बघत जेवायच्या.

एका गोष्टीचा मात्र आधार होता. छतातून येणारी मोठी उतारनळी प्रवाळखोलीच्या भिंतीला लागूनच खाली आली होती. तिच्यात निम्मं पाणी आणि निम्मी हवा असायची. त्या हवेतून वरचे आवाज दालनात उतरायचे. छताची तडतड एवढ्या खाली पोहोचायची नाही, पण कुणी खोकलं, भांडं पडलं, तर ऐकू यायचं. एके दिवशी त्या नळीतून नवजात बाळाचं रडणं उतरलं. हेमांगीबाई नळीला कान लावून बसल्या आणि आता मात्र मनसोक्त रडल्या.

मुलीचं नाव नीरा ठेवलं. तिचा पाळणा बरोबर छताच्या श्वासछिद्राखाली टांगला होता, कारण खोलीत दुसरीकडे जागाच नव्हती. तो आवाज पोरीला झोपू देणार नाही, अशी निहारला काळजी होती. पण त्या तडतडीखाली जन्मलेली पोर तिच्यातच गाढ झोपायची. उलट कुठे पाहुणी म्हणून नेली तर तिथल्या शांततेत किंचाळायची. ओवी फोनवर हे हसत हसत सांगायची.

नीरा रांगायला लागली त्या सुमाराची गोष्ट. जेवणं झाली होती. हेमांगीबाई कापडी गाळणी धुवायला घेऊन बसल्या होत्या. उतारनळीतून नीराचं रडणं ऐकू आलं. भूक लागली असेल, त्यांना वाटलं. पण रडणं वाढत गेलं. भुकेचं रडणं त्यांना आता ओळखू येत होतं, हे तसं नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"आत्ताच दूध पिऊन झोपली होती," ओवी म्हणाली. "काही कारण नाही, दचकून उठली आणि सुरू. दातबीत येत असतील."

हेमांगीबाईंच्या हातातून गाळणी खाली पडली.

"ओवी, वर आवाज येतोय का?"

पलीकडे क्षणभर फक्त बाळाचं रडणं होतं.

"नाही," ओवी म्हणाली.

फोन कुठेतरी आपटला. पावलं धावत दूर गेली. छताच्या पोकळीचं झाकण बाहेरच्या बोळातच होतं आणि छिद्र कोचायची तार त्याच्याशेजारी टांगलेली असायची, हे हेमांगीबाईंना ठाऊक होतं. गोगलगाय नसेल, क्षार चढला असेल. किती वेळापूर्वी बंद झालं असेल? नीरा उठली तेव्हा, दुसरं काय.

आता या घटकेला पंप थांबला तर, असा विचार त्यांना करायचा नव्हता आणि दुसरा कुठलाच येत नव्हता. दाराकडे जाऊन उपयोग नव्हता. त्या मचाणावर चढल्या, खाटेवर पाय जवळ घेऊन बसल्या. लाल रेघ त्यांच्या खाली होती, आणि छिद्र बंद असताना तिला काही अर्थ नव्हता. दालनाचं छत दोन पुरुष वर होतं. बाजूच्या काचटाकीत मालवणचे प्रवाळ नेहमीसारखे बोटं हलवत होते. कोपऱ्यातला पंप घुमत होता, आणि त्या आवाजाकडे इतक्या भीतीने त्यांनी आजवर कधी कान दिला नव्हता.

नळीतून नीराचं रडणं येत होतं. पाळण्यात एकटीच होती ती, घसा ताणून रडत होती. रड, बाय, हेमांगीबाई मनात म्हणत होत्या, तू रडतेस तोवर मला कळतंय.

मग ते रडणं अडखळलं. एक हुंदका आला, आणखी एक, आणि थांबलं.

वर पुन्हा तडतड सुरू झाली होती, हेमांगीबाईंना ते न ऐकताच कळलं. मग त्या मचाणावरून खाली उतरल्या, आणि पडलेली गाळणी उचलून पुन्हा धुवायला बसल्या.